खुर्चीवरचा कोट

नामगुंग साहेबांकडे राखाडी रंगाचे दोन कोट होते. एकाच कापडाचे, एकाच शिंप्याने शिवलेले, गुंड्यासुद्धा सारख्या. एक ते घालून यायचे, दुसरा ऑफिसातल्या कपाटात असायचा. संध्याकाळी साडेपाच वाजले की कपाटातला कोट खुर्चीच्या पाठीवर चढायचा. टेबलावर चष्म्याचं घर उघडं पडायचं, शेजारी अर्धा कप कॉफी. अंगावरचा कोट घडी घालून कागदी पिशवीत जायचा. मग साहेब नुसत्या सदऱ्यात, पिशवी काखेत मारून, वरच्या मजल्यावर मीटिंगला निघाल्यासारखे बाहेर पडायचे. ते थेट घरी.

आमची कंपनी मोठी. सोयाबीनचे सॉस, मिरचीची चटणी, पाकिटातल्या शेवया, सगळं करते. सोलमधली वीस मजल्यांची अख्खी इमारत तिची. तिथे साहेब उठल्याशिवाय कुणी उठत नाही. असा नियम कुठे लिहिलेला नाही. लिहिलेला असता तर कुणीतरी मोडला असता.

मी चौदाव्या मजल्याची साफसफाई बघते. पहाटे पाच ते दुपारी तीन. दुसऱ्या कोटाचं मला कळलं ते एका पहाटे. बादली घेऊन वर गेले, तर कोट खुर्चीवर, कॉफी गार, चष्म्याचं घर उघडं. वाटलं, माणूस रात्रभर काम करत बसला आणि कुठेतरी कोसळला. पुरुषांच्या बाथरूमचं एकेक दार ठोठावलं, जिना पाहिला, आणि धावत खाली पहारेकऱ्याकडे गेले. तो उकडलेल्या अंड्याचं साल काढत बसला होता.

"अहो, नामगुंग साहेबांचा कोट आहे, पण साहेब कुठेच नाहीत!"

"साहेब काल साडेपाचलाच गेले," तो म्हणाला. "शीळ घालत गेले. तुमच्याकडे मीठ आहे का?"

आठ वाजता साहेब आले, तसाच कोट घालून. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे.

"मावशी," ते म्हणाले, "सकाळी तो कोट कपाटात ठेवत चला. बाहेर धूळ बसते."

"ठेवीन."

चुसोकच्या, म्हणजे सुगीच्या सणाला साहेबांकडून माझ्या हातात पेर फळांची पेटी आली. एकेक पेर लहान मुलाच्या डोक्याएवढं. तेव्हापासून रोज पहाटे मी कोट कपाटात ठेवायची आणि तोंड मिटून घ्यायची. तीन वर्षं मिटलं होतं. चौथ्या वर्षी उघडलं, आणि तेही न्हाणीघरात.

जूनमधला रविवार होता. आमच्या गल्लीतल्या सार्वजनिक न्हाणीघरात मी गरम पाण्यातून बाहेर येऊन बसले होते. शेजारी एक पोरगी आली, एकटीच.

"मावशी, माझी पाठ घासून द्याल? मी तुमची देते."

एकटीनं आलेल्या बाईची पाठ दुसरं कोण घासणार? मी घासणी हातात चढवली. आता पाठ घासताना हात चालतो आणि हाताबरोबर तोंडही चालतं. ती म्हणाली, "मावशी, काम कुठे करता?" मी म्हटलं, मोठ्या कंपनीत. "तिथे काय गमतीजमती होतात?" मी कंपनीचं नाव घेतलं नाही. साहेबांचंही नाही. तेवढी अक्कल मला आहे. फक्त कोट सांगितला, चष्म्याचं घर सांगितलं आणि अर्धा कप कॉफी. पोरगी एवढी हसली की तिच्या नाकात साबण गेला. निघताना तिने मला केळ्याचं दूध पाजलं.

"तू काय करतेस गं?"

"टीव्हीत लिहिते, मावशी."

मला वाटलं, पडद्याच्या खालून अक्षरं सरकतात, ती लिहीत असेल. म्हटलं, जरा मोठी लिहीत जा बाई, आमच्यासारख्यांना वाचायला वेळ लागतो.

नोव्हेंबरात ती मालिका सुरू झाली. एका मोठ्या कंपनीतले लोक, त्यांचे साहेब, त्यांची जेवणं, रडणं, बढत्या. शनिवार-रविवारी लागायची, आणि सोमवारी आमच्या मजल्यावर कॉफीच्या मशीनपुढे दुसरा विषय नसायचा. दिवसभर ऑफिसात बसून कंटाळलेली माणसं घरी जाऊन दुसऱ्यांचं ऑफिस का बघतात, ते देवाला ठाऊक. मीही बघायची. मला आमचे लोक तसे पाठमोरेच दिसतात, तिथे समोरून दिसायचे.

चौथ्या भागाच्या वेळी मी किमचीच्या लोणच्यासाठी लसूण सोलत होते. पडद्यावर साडेपाच वाजले. मालिकेतल्या साहेबाने कपाटातून राखाडी कोट काढला, खुर्चीवर टाकला. चष्म्याचं घर उघडलं. कॉफी अर्धी प्यायला आणि कप ठेवला. माझ्या हातातली सुरी थांबली. खालची अक्षरं लिहिणारी म्हणे!

सोमवारी सकाळी नामगुंग साहेब आले तेव्हा विभागातली सातही माणसं कॉम्प्युटरमध्ये मान घालून बसली होती. मान आत, डोळे बाहेर. ऑफिसात हीटर सुरू झालेला, लोक बाह्या वर करून बसलेले. साहेबांनी कोट काढला नाही. दहा वाजले, काढला नाही. कपाळावर घाम आला, तो पुसला, पण कोट अंगावरच.

हाम म्हणून मधल्या पदावरचे एक आहेत. साहेबांनी शिंकायच्या आधी रुमाल पुढे करणारे. ते उठले.

"साहेब, उकडतंय फार. कोट अडकवून ठेवू का खुर्चीला?"

पलीकडच्या टेबलावर कुणीतरी हसू दाबलं आणि त्याचा खोकला झाला.

"नको," साहेब म्हणाले. "थंडी वाजतेय."

मी कचऱ्याचे डबे उचलले आणि सटकले. मजल्यावरच्यांना वाटलं होतं तेवढी ती गंमत नव्हती, कारण मंगळवारी साहेबांनी यूलमीला बोलावलं.

आन यूलमी सव्वीस वर्षांची. विभागातली एकटीच कंत्राटी. तिची दोन वर्षं महिनाअखेर संपत होती. दोन वर्षांनी कंपनीने माणूस कायम करायचा, नाहीतर घरी पाठवायचा. त्यासाठी साहेबांनी एक फॉर्म भरायचा. शेरा 'उत्तम' असला तर पोरगी राहणार. 'बरा' असला तरी गेली. फॉर्म पाठवायला शुक्रवार शेवटचा दिवस. हे सगळ्या मजल्याला माहीत होतं. तिच्या आईने गावाहून फोन करून मलासुद्धा विचारलं होतं, "मावशी, तुम्हाला काय वाटतं?" मला वाटून काय उपयोग?

मीटिंगच्या खोलीचं दार जरासं उघडं होतं. मी बाहेरून काच पुसत होते.

"यूलमी, मालिका बघतेस का तू?"

"नाही, साहेब."

चुकलीच पोरगी. अख्खा देश बघतो ते आपण बघत नाही म्हटल्यावर कोण विश्वास ठेवेल?

"बरं. मागे लॉन्ड्रीतून माझे कपडे कुणी आणले होते?"

"मी, साहेब."

"कोट किती होते?"

"मी मोजले नाहीत, साहेब."

शेवयांच्या चाळीस हजार पाकिटांच्या हिशेबात सात पाकिटं कमी आहेत हे शोधून काढणारी ही पोरगी. तिला दोन कोट मोजता आले नाहीत! साहेबांनी मान हलवली. शहाणपणाने दिलेलं उत्तर तिच्याच मुळावर आलं.

"ठीक. फॉर्म शुक्रवारपर्यंत वर पाठवायचा आहे. मी विचार करून भरीन."

बुधवारी दुपारी ती बायकांच्या बाथरूममध्ये शेवटच्या दाराआड सापडली. नळ सोडून रडत होती. मी दार वाजवलं.

"पाणी वाया जातंय गं. ये खाली, रताळी भाजलीत."

जिन्याखाली आमची बसायची खोली आहे. चटई टाकलेली, खाली विजेवर गरम होणारी गादी. मी रताळं सोलून तिच्या हातात दिलं.

"मावशी, त्यांना वाटतंय मी बाहेर सांगितलं. मी कुणाला सांगणार? दोन वर्षं रोज नऊपर्यंत बसले मी. कोट खुर्चीवर आहे, म्हणजे साहेब इमारतीतच आहेत, म्हणून! जेवायला जाताना कोटाला वाकून नमस्कार केलाय मी!"

"दोन कोट आहेत हे तुला माहीत होतं ना?"

"मला वाटलं, एक सणासुदीचा असेल."

मी रताळ्याचं साल काढत राहिले. मग म्हटलं, "पोरी, ते मी सांगितलं."

"काय?"

"न्हाणीघरात. एकीची पाठ घासताना."

तिने घास गिळला नाही. मग हसायला लागली, मग हसता हसता परत रडायला लागली, आणि शेवटी चिडली.

"मावशी! इतकी वर्षं सांगितलं नाहीत, आणि सांगितलंत ते मालिकावालीला?"

"तिच्या पाठीवर लिहिलेलं थोडंच होतं? उद्या जाते मी साहेबांकडे. सगळं सांगून टाकते."

"अजिबात जाऊ नका. तुमच्या साफसफाईच्या एजन्सीला फोन गेला तर दुसऱ्या दिवशी तुम्हाला शहराच्या दुसऱ्या टोकाला टाकतील. माझे तसेही दहा दिवसच उरलेत. दोघींनी कशाला जायचं?"

"बरं," मी म्हटलं. म्हाताऱ्या माणसाने बरं म्हटलं की तरुण माणसं गप्प बसतात. त्याचा तेवढाच उपयोग.

गुरुवारी मी साडेसातलाच साहेबांच्या टेबलापाशी फडकं घेऊन उभी राहिले. ते आले. एकटेच होते.

"साहेब, यूलमीने कुणाला काही सांगितलं नाही. मी सांगितलं."

"काय सांगितलंत?"

"कोटाचं."

त्यांचे कान आधी लाल झाले, मग मान. "मावशी, तुम्ही? आणि पेरं?"

"पेरं गोड होती, साहेब. मी कुणाचं नाव घेतलं नाही. मी फक्त एका पाठीला सांगितलं. पाणी ओतून झाल्यावर चेहरा बघितला."

"अख्ख्या देशासमोर माझी शोभा झाली!"

"देशाला कुठे माहीत आहे तुम्ही कोण ते? फक्त या सात जणांना माहीत आहे. आणि त्यांचं काय चुकलं? रोज रात्री नऊपर्यंत कोटाला सोबत करत बसतात बिचारे."

"कोण बसतं?"

"सगळे."

"नऊपर्यंत? कशासाठी? मी तर साडेपाचला जातो!"

"त्यांना परवापर्यंत कुठे माहीत होतं? त्यांच्या दृष्टीने तुम्ही बसलेलेच होतात. रोज सकाळी शेवयांचे रिकामे कप मी उचलते, साहेब. सात माणसं, सात कप."

ते खुर्चीत बसले. कोट अंगावर घेऊनच बसले.

"मावशी," ते हळू आवाजात म्हणाले, "तो कोट यांच्यासाठी नाहीच. तो वरच्या संचालकांसाठी आहे. ते संध्याकाळी कधीतरी खाली डोकावतील आणि म्हणतील, नामगुंग लवकर पळाला. म्हणून ठेवतो. मला वाटायचं, मी गेलो की ही पोरंही जात असतील. आमच्या वेळी आम्ही जायचो."

"तुमच्या वेळी तुमचा साहेब उठायच्या आधी?"

त्यांनी यावर विचार केला. "नाही," म्हणाले. "नऊपर्यंत बसायचो."

आता माझ्या जिभेवर एक गोष्ट अगदी टोकाशी आली होती. अठराव्या मजल्याची साफसफाई सुनबुन बघते. तिने मला सांगितलं होतं की वरचे संचालक खोलीतला दिवा आणि रेडिओ चालू ठेवून रोज पाचला सामानाच्या लिफ्टने घरी जातात. मी तोंड उघडलं. मग मिटलं. वर्षाकाठी एक गोष्ट पुरे.

"तर यूलमीचा फॉर्म, साहेब," मी म्हटलं.

ते खिडकीकडे बघायला लागले.

"काल संध्याकाळीच वर पाठवला. 'बरा' लिहिलं. शिक्का मारून."

"मग परत आणा."

"मावशी, वर गेलेला कागद खाली येत नाही. वीस वर्षांत कधी आला नाही. मी जाऊन काय सांगू? रागाच्या भरात लिहिलं? राग कसला? कोटाचा? कुठला कोट? त्यांच्यासाठी टांगलेला?"

"हे सगळं मला समजत नाही," मी म्हटलं. "पण लिफ्ट वरही जाते आणि खालीही येते."

तेवढ्यात माणसं यायला लागली. यूलमी आली, सगळ्यांना वाकून नमस्कार करून कोपऱ्यात बसली. डोळे सुजलेले. साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. मग उठले, कोटाच्या गुंड्या लावल्या, पुन्हा काढल्या, पुन्हा लावल्या आणि लिफ्टकडे चालू लागले.

"साहेब, वर जाताय? फाईल आणू का?" हाम धावले.

"बस तू," साहेब म्हणाले.

मी मीटिंगच्या खोलीची एक काच चाळीस मिनिटं पुसली. ती काच एवढी स्वच्छ झाली की हाम तिच्यावर आपटणार होते. यूलमी टाइप करत होती. मी मागून गेले तेव्हा पाहिलं, कॉम्प्युटर चालू करायलाही विसरली होती.

साहेब परत आले. हातात कागद नव्हता. मग त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून चार घड्या घातलेला फॉर्म काढला.

"मावशी, या खोलीची काच आतून पुसायची राहिलीय," ते मीटिंगच्या खोलीच्या दारातून मोठ्याने म्हणाले.

मी आत गेले. त्यांना कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नव्हतं, एवढंच.

"सगळं सांगितलं मी," ते म्हणाले. "आधी संचालक ऐकत होते, भुवया वर करून. कोटापर्यंत आलो आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. मी म्हटलं, साहेब, माझं चुकलं, साडेपाचला कोट ठेवून घरी पळायचो. तर ते म्हणतात, 'हे आणखी कुणाला माहीत आहे?' मी म्हटलं, 'साफसफाईच्या बायकांना सगळं माहीत असतं, साहेब.' झालं! ड्रॉवर उघडला, फॉर्म काढला, हातात कोंबला. 'जा, जा, नीट भरा,' म्हणाले. का बरं एवढे घाबरले असतील?"

"उकडत असेल, साहेब," मी म्हटलं.

मग त्यांनी यूलमीला आत बोलावलं. मी निघाले, तर म्हणाले, "असू दे, पुसा तुम्ही." पोरगी हात जुळवून उभी.

"बस. दोन वर्षांत तू काय काय काम केलंस, सांग."

"तुम्हाला माहीतच आहे, साहेब."

"माहीत असतं तर विचारलं असतं का? मी साडेपाचला जातो."

ती आधी अडखळली. मग सात पाकिटांची गोष्ट सांगितली. मग बुसानच्या दुकानदाराची, जो फोनवर फक्त शिव्या द्यायचा आणि आता दर महिन्याला मागणी देतो. मग हामनी सादर केलेल्या तीन अहवालांची, जे तिने लिहिले होते. ते सांगताना तिने खाली पाहिलं.

"ते तीन अहवाल तुझे?"

"हाम सरांनी टाइप करायला सांगितले होते, साहेब. टाइप करता करता लिहिले."

साहेबांनी पेन काढलं. 'बरा' खोडायचा नसतो, खोडलेला फॉर्म चालत नाही, म्हणून नवा मागवला. हामनीच धावत आणून दिला, कुणासाठी ते न विचारता. साहेबांनी शेरा लिहिला. मला अक्षरं हळूहळू लागतात, पण काचेत उलटं दिसलं तरी ते 'उत्तम' मी वाचलं. शिक्का मारला. मग ते म्हणाले, "आणि यूलमी, त्या कोटाला नमस्कार करत होतीस, हे खरं का?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी काच पुसत होते.

डिसेंबरच्या पहिल्या सोमवारी यूलमी जिन्याखालच्या खोलीत आली. हातात गरम तांदळाच्या वड्यांचा डबा, लाल घेवडा घातलेल्या. गळ्यात कायम नोकरीवाल्यांच्या ओळखपत्राचा निळा पट्टा. आईने पहाटे गाडीत घालून पाठवल्या होत्या वड्या. सुनबुनही आली होती. आम्ही तिघींनी हात पुसले आणि सुरुवात केली.

"काय गं, आता बरं आहे ना?" मी विचारलं. "साहेब साडेपाचला सगळ्यांना सांगून जातात म्हणे. कोट अंगावर घालून, 'मी चाललो' म्हणून."

"हो. रोज."

"मग शुक्रवारी घरी किती वाजता गेलीस?"

ती वडी चावत राहिली.

"यूलमी."

"पावणेनऊला."

"पावणेनऊला? कशाला?"

"साहेब गेले हो, पण हाम सर बसले होते. ते माझ्यामुळे बसले, मी उठते का बघायला. मी त्यांच्यामुळे बसले. आता मी कायम आहे, मावशी. पहिल्याच आठवड्यात सगळ्यांच्या आधी कशी उठू?"

सुनबुनने वडी तोंडातून बाहेर काढली, एवढी हसली.

मी माझी नोकरी पणाला लावली, साहेब वीस वर्षांत पहिल्यांदा वर जाऊन चूक कबूल करून आले, आणि ही बया पावणेनऊला घरी जाते! मी डब्याचं झाकण लावलं.

"ऐक. बुधवारी तुमच्या फरशीला मेण लावायचं आहे. मी तीनला जाणार नाही, थांबणार आहे. बरोबर पावणेसहाला मेणाची बादली घेऊन येईन, आणि तुझ्या टेबलापासून सुरुवात करीन. ओल्या मेणावर पाय ठेवला तर वाळेपर्यंत उभं राहावं लागतं. हामसाहेबांनाही सांग."

"मावशी, मेण मागच्याच महिन्यात लावलं होतंत ना?"

"हो," मी म्हटलं. "गुरुवारीही लावीन. वड्या दे अजून दोन."